नाना, तो नियम तुझाच होता

नाना,

तू गेल्यानंतरच्या सोमवारी कोर्ट सुरू होण्याआधी तुझ्यासाठी सगळे उभे राहिले. मुन्सफसाहेब दोन शब्द बोलले. वकीलमंडळींच्या वतीने मी बोलावं असं ठरलं होतं, म्हणून मीही बोललो. सनद कधी मिळाली, कायदेकौन्सिलात कोणकोणते प्रश्न विचारले, तालुक्यासाठी काय काय केलं. बोलताना माझं लक्ष तू बसायचास त्या समोरच्या टेबलाकडे होतं. माझं काहीतरी चुकतंय असं म्हणत तिथून कोणीतरी उठेल, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. कोणी उठलं नाही. सगळे माना हलवत होते. तेव्हा तू गेलास हे मला पहिल्यांदा नीट कळलं. तुला अग्नी दिला तेव्हासुद्धा एवढं कळलं नव्हतं.

जे बोललो त्यात खोटं काही नव्हतं. पण तू असतास तर म्हणाला असतास, "भाऊ, पुरावा बरोबर, निष्कर्ष चुकीचा." म्हणून खरं काय घडलं ते आता तुलाच सांगत बसलोय. दुसऱ्या कोणाला सांगायचं?

आपण एकाच वर्षी कर्जतच्या कोर्टात आलो. तुझं मूळ घर खालापूरकडचं, माझं दहिवलीतलं. वकील तेव्हा इतके थोडे, की एकाने वकीलपत्र घेतलं की विरुद्ध पक्ष आपोआप दुसऱ्याच्या ओटीवर येऊन बसायचा. माझ्याकडे जमीनदार आले, तुझ्याकडे डोंगरातले ठाकर. तू त्यांना वेचून घेतलंस असं आता लोक म्हणतात. सुरुवातीला तुझ्याकडे दुसरं कोणी फिरकतच नव्हतं, हे तूच हसत हसत सांगायचास. पुढे दुसरे येऊ लागले, तेव्हाही तू यांना सोडलं नाहीस.

माथेरानला एका हॉटेलाच्या वादात आपण दोघं समोरासमोर होतो, ते आठवतं? जागा बघायला जायचं होतं. मी हातरिक्षात बसलो. माणसाने ओढलेल्या गाडीत बसणार नाही म्हणून तू शेजारून पायी चालत राहिलास, त्या लाल धुळीत, काळा कोट घालून. वाटभर आपला वाद. मी म्हणत होतो, तू चाललास म्हणून त्यांच्या पोटात काय पडलं? तू म्हणत होतास, पोटात पडण्यासाठी माणसाने बैल व्हावं काय? शेवटी रिक्षा ओढणारा थांबला, घाम पुसला आणि तुला म्हणाला, "सायेब, तुमी बी बसला असता, तर माज्या भावाला बी आज काम भेटलं असतं."

मी मोठ्याने हसलो. तूही हसलास, पण जरा उशिराने. परतीच्या वाटेवरही तू चालतच आलास. त्याच्या भावाला मात्र रिक्षाचं भाडं देऊन टाकलंस, आणि न ओढता भाडं कसं घ्यायचं म्हणून तो आपला रिकामी रिक्षा ओढत तुझ्यामागून येत होता. त्या दिवशी ते दृश्य पाहून माझी हसून मुरकुंडी वळली होती. आता मला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

आणि त्या इन्फ्लुएंझाच्या साली माझा मुलगा श्रीधर गेला तेव्हा मी कितीतरी दिवस कोर्टाकडे फिरकलो नव्हतो. माझ्या सगळ्या तारखा तू अर्ज करून पुढे ढकलून घेतल्यास. त्यातल्या निम्म्या खटल्यांत समोर तूच होतास. मी हजर नाही एवढं म्हटलं असतंस तरी निकाल तुझ्या बाजूने गेले असते. मला हे तू सांगितलं नाहीस, मुन्सफांच्या कारकुनाने सांगितलं. वहिनी आमच्यासाठी डबा भरायच्या आणि तो घेऊन तू स्वतः नदी ओलांडून यायचास. डबा ठेवून परत जायचास. तेव्हा तू एक शब्द बोलला नाहीस, ते बरं केलंस. बोलला असतास तर मी तुझ्याशीही भांडलो असतो.

मग राबाचं प्रकरण आलं.

राबाशिवाय आपल्याकडे भात होत नाही. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या आणि पाला आणून रोपाच्या जागेवर पसरायचा, जाळायचा, आणि त्या राखेत भात पेरायचं. आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण फांद्या जंगलात आणि जंगल सरकारने राखून ठेवलेलं. दर उन्हाळ्यात तुझ्या ओटीवर कोयता हातातून काढून घेतलेली माणसं येऊन बसायची. कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाच्या वाडीतला बुध्या ठाकर तर ठरलेलाच. उंच, किडकिडीत, बोलायला लागला की आधी आभाळाकडे बघणारा. "नाना, रान तोडलं तर शिपाई धरतो. नाय तोडलं तर भात नाय. आमी करावं तरी काय?" तू दरवर्षी उभा राहायचास, दरवर्षी चांगलं बोलायचास आणि दरवर्षी बुध्याला शिक्षा व्हायची. खटला चालवणारे मामलेदार तुझं भाषण मन लावून ऐकायचे. "खरं आहे, नाना, पण कायदा असा आहे," असं म्हणून निकाल लिहायचे.

अशाच एका निकालानंतर तू मला म्हणालास, "भाऊ, इथे घसा कोरडा करून काही उपयोग नाही. हा कायदा जिथे होतो तिथे गेलं पाहिजे."

मी म्हटलं, "तिथे पाठवणार कोण तुला? बुध्याला मत आहे का?"

नव्हतंच. जमिनीचा सारा भरणाऱ्यालाच मत. म्हणजे ज्यांच्यासाठी तू कौन्सिलात जाणार होतास त्यांच्यापैकी एकालाही तुला निवडून देता येत नव्हतं, आणि ज्यांना देता येत होतं ते माझे अशील होते. पण राब त्यांनाही हवा होता. म्हणून खालापूरपासून नेरळपर्यंत जमीनदारांनी तुला मतं दिली. तू कोणालाही खोटं आश्वासन दिलं नाहीस. मी तुझ्याबरोबर फिरत होतो, मला माहीत आहे. तू सगळीकडे एकच सांगत होतास: राब सगळ्यांना मिळाला पाहिजे. त्यांनी त्यातलं 'राब' ऐकलं.

मग तुझ्या त्या फेऱ्या सुरू झाल्या. अधिवेशन मुंबईला असलं तर सकाळची गाडी, पुण्याला असलं तर घाट चढून. घाटात ठाकुरवाडीला गाडी थांबली की तू खिडकीतून डोंगराकडे बघत बसायचास, बाजूचा सभासद काय बोलतोय तिकडे तुझं ध्यान नसायचं, असं तुझ्याबरोबर प्रवास केलेल्या एकाने मला सांगितलं. तू प्रश्न विचारायचास आणि सरकारचं उत्तर यायचं की या बाबीचा विचार चालू आहे. ते उत्तर आपण ओटीवर बसून नाटकी आवाजात एकमेकांना वाचून दाखवायचो. पहिली दोन वर्षं तरी तुला त्याचं हसू यायचं.

आणि शेवटी तुझा ठराव मंजूर झाला. कमिटीतून बाहेर पडताना मात्र त्यातले शब्द बदलले होते. तू लिहिलं होतंस, भात करणाऱ्या प्रत्येकाला राब. बाहेर आलं, ज्याच्या नावावर सारा लागतो त्या खातेदाराला. ठाकरांच्या नावावर काय होतं? ते दुसऱ्याच्या खाचरात राबत होते, नाहीतर डोंगराच्या उतारावर पेरत होते. तुला हे दिसलं नव्हतं असं नाही. तू मला स्टेशनवरच म्हणालास, "आज एवढं पदरात पाडून घेतलंय, भाऊ. राहिलेलं पुढच्या अधिवेशनात."

मी म्हणालो, पुढचं अधिवेशन कोणी पाहिलंय? त्यावर आपला वाद व्हायचाच होता, पण तेवढ्यात जमीनदार हार घेऊन आले आणि फलाटावर ताशा वाजायला लागला.

बुध्या दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आला. मी तिथेच बसलो होतो. त्याने विचारलं, "नाना, त्यात आमचं नाव हाय का?" तू म्हणालास, पुढच्या वेळी. तो आभाळाकडे बघून "बरं" म्हणाला आणि उठला. तो रागावला असता तर तुला बरं वाटलं असतं. हे तूच मला नंतर म्हणालास.

पुढच्या उन्हाळ्यात जे झालं ते आपल्या दोघांच्याही आधी बुध्याला कळलं. पूर्वी जंगलाचा शिपाई एखादी कोंबडी घेऊन डोळेझाक करायचा, कारण कोणालाच परवानगी नव्हती आणि सगळेच तोडत होते. आता कोणाला परवानगी आहे नि कोणाला नाही, हे स्पष्ट झालं होतं. परवानगी असलेले खातेदारच आपल्या वाट्याचं रान राखायला लागले. वाडीवरची माणसं एकामागून एक धरली गेली. बुध्याचा कोयता, कुऱ्हाड आणि खांद्यावरचा भारा, सगळं कोर्टात आणलं होतं.

मी त्या दिवशी माझ्या दुसऱ्या कामासाठी मागे बसलो होतो. मामलेदारांनी सौम्यपणे विचारलं, "नाना, हा नियम तुमच्याच ठरावावरून झाला ना?"

तू म्हणालास, "होय."

"मग तुम्हीच सांगा. हा माणूस त्यात बसतो का?"

तू पुस्तक उचललंस, तो नियम काढलास, आणि सगळा पहिल्यापासून वाचलास. आवाज नेहमीसारखाच होता. शेवटी म्हणालास, "नाही, साहेब. बसत नाही." बुध्या तुझ्याकडे बघत होता. त्याला वाटत असावं, की हे नेहमीचं भाषण आहे आणि याच्यानंतर काहीतरी येईल. दंड भरायला त्याच्याकडे काही नव्हतं. शिपाई त्याला घेऊन गेले.

तो सुटून आला, पण तुझ्या ओटीवर आला नाही. पावसाळा सरल्यावर तू मला बरोबर घेऊन वाडीवर गेलास. कुडाच्या भिंती उभ्या होत्या, छपरांवरचा पेंढा उडून गेला होता. एका चुलीत गवत उगवलं होतं. तू एकेका झोपडीत वाकून बघत होतास, जसं काही कोणी आत झोपलेलं असेल. खालच्या गावचा एक कुणबी गुरं घेऊन आला. तो म्हणाला, "गेली समदी. कोळशाच्या भट्टीवर गेली म्हंत्यात. कुटं ते नाय म्हाईत." तुला त्याने ओळखलं आणि हात जोडले. नियमाबद्दल आभार मानले. त्याला त्या वर्षी भरपूर राब मिळाला होता.

उतरताना तू एवढंच म्हणालास, की पुन्हा निवडून यायचं आणि ते 'खातेदार' खोडायचं. मी सांगत होतो, आता पुरे. तू ऐकलं नाहीस. या खेपेला गावोगाव तू स्पष्ट सांगत सुटलास, की ठाकरांनाही राब. माझ्या एका जुन्या अशिलाने मला बाजूला घेतलं आणि शांतपणे समजावलं, "भाऊसाहेब, नाना देवमाणूस आहेत. पण ठाकराला त्याचा स्वतःचा राब मिळाला, तर आमच्या शेतावर वेठीला कोण येईल?" तुझ्या विरुद्ध उभा राहिलेल्याला त्या भागात कोणी नीट ओळखतही नव्हतं. तो निवडून आला. स्टेशनवर तुला हार घालणारे निम्मे हात त्याच्या मिरवणुकीत होते.

तुझं हसणं तेव्हापासून गेलं, नाना. कोर्टात यायचास, काम करायचास, जेवायच्या सुट्टीत माझ्या समोर बसायचास. पण मी मुद्दाम काही खोडसाळ बोललो तरी तू उलटून बोलेनास. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, यांच्याशी जरा भांडा हो. घरात आवाजच नाही." मी प्रयत्न केला. एका हाताने टाळी वाजते का?

मग देशभर मिठाची आणि जंगलाची चळवळ उठली. आपल्याकडेही तरुण पोरं कोयते घेऊन राखीव रानात शिरायला निघाली, आणि तुला म्हणाली, नाना, पुढे व्हा. मला वाटलं, तू त्यांना हाकलून देशील. सगळा जन्म कायद्यात घालवलेला माणूस तू. तू हो म्हणालास. त्या संध्याकाळी मी तुझ्या ओटीवर येऊन जे जे बोललो ते इथे पुन्हा सांगत नाही. सनद जाईल, वय झालंय, वहिनींचं काय, सगळं सांगून झालं. शेवटी मी विचारलं, "ज्या हातांनी कायदे केलेस त्याच हातांनी मोडणार?"

तू म्हणालास, "दुसऱ्याचा कायदा मोडायला निघालो असतो तर तुझं ऐकलं असतं. हा माझाच आहे, भाऊ. माझा मोडायला तरी मला कोणाचं मत लागत नाही."

त्यानंतर कितीदा तरी मी मनात तो वाद पुन्हा उभा केला, आणि प्रत्येक वेळी या वाक्याशी येऊन अडलो.

तू कोंडाण्याच्या वर, त्या ओस वाडीशेजारी, ऐनाच्या झाडाची फांदी तोडलीस. मी खाली पायवाटेवर उभा होतो. पोरं जयजयकार करत होती. तू करत नव्हतास. कोयता धरायची तुला सवय नव्हती. फांदी तुटेना, अर्धी लोंबत राहिली, आणि तू दोन्ही हातांनी ती ओढत होतास. तुझं तोडून होईपर्यंत पोलीस थांबले. ज्यांच्यासाठी ती फांदी होती त्यांच्यातलं एकही माणूस तिथे नव्हतं.

खटल्यात मी वकीलपत्र घेऊन आलो होतो. तू मान हलवून नको म्हणालास. मामलेदारांनी तुला बसायला खुर्ची द्यायला सांगितलं, ती तू घेतली नाहीस. गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं. "कबूल," म्हणालास. तासतासभर बोलणारा माणूस, एका शब्दात काम संपवून गेलास.

तुरुंगातून परत आलास तेव्हा सनद गेली होती आणि ताप अंगात मुरला होता. मी रोज दुपारी येऊन बसायचो. कोर्टातल्या गोष्टी सांगायचो. एक दिवस मी तुला म्हटलं, की त्या नियमाने खालापुरातल्या कितीतरी गरीब कुणब्यांची खाचरं पिकतायत, हे तरी धरशील की नाही? मी ते समजूत घालायला बोललो नव्हतो. मला ते खरंच तसं वाटतं. तू भिंतीकडे बघत म्हणालास, "ते माझ्यावाचूनही झालं असतं." मग विचारलंस, "बुध्याचं काही कळलं?"

मी खोपोलीपासून बदलापूरपर्यंत जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारलं होतं. भट्ट्यांच्या मुकादमांना विचारलं होतं. काही कळलं नव्हतं. तसं मी सांगितलं. तू डोळे मिटलेस. त्यानंतर तू मला दुसरं काही विचारलं नाहीस, आणि मग विचारायचा प्रश्नच उरला नाही.

तुझे दिवस होऊन गेल्यावर एक म्हातारी ठाकरीण तुझ्या दारी आली. माथेरानच्या खालच्या अंगाची कुठलीशी वाडी. तिच्या मुलाला फांद्या तोडताना धरलं होतं. तू गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. वहिनींनी तिला माझ्याकडे पाठवलं. मी तिला बुध्याबद्दल विचारलं. "कोन बुध्या?" म्हणाली.

मी तिचं काम घेतलं. आधीच सांगून टाकलं, की निकाल विरुद्ध जाणार. ती म्हणाली, "जानार की. नानांच्या टायमाला बी जायचाच. निकाल लागला, का नाना भायेर येऊन आमच्यात खाली बसायचं. बोलायचं नाय, पर बसायचं."

एवढी वर्षं मी तुझ्या समोर काम केलं, आणि हे मला माहीत नव्हतं. निकाल लागला की मी माझ्या अशिलाबरोबर दुसऱ्या दाराने बाहेर पडायचो.

काल मी हरलो. तुझ्याइतकं चांगलं बोललो नाही, पण बोललो. बाहेर आलो तर चिंचेखाली ती आणि तिची दोन-तीन माणसं जमिनीवर बसली होती. मला बघून तिने जरा सरकून शेजारी जागा केली.

मी तिथपर्यंत गेलो, नाना. कोट अंगावर होता, पुस्तकं हातात होती, येणारी-जाणारी माणसं बघत होती. मी उभाच राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. मग तिने लुगड्याची माती झटकली, ती सगळी उठली, आणि मला रामराम करून वाडीच्या वाटेला लागली.